न घेतलेली हरकत

सकाळी आमच्या घरात मोठ्याने बोलायला बंदी होती. बायको टेबलाशी बसलेली असायची, समोर कंपनीने दिलेला कॉम्प्युटर, आणि त्याच्या पडद्यावर एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत असायची. सरकत असायची म्हणजे आपण तसं मानायचं. ती पलीकडच्या टोकाला पोचली की कंपनीचा प्रोग्रॅम उघडणार आणि बायको हजर धरली जाणार. पट्टी अर्ध्यात असताना हजेरीची वेळ टळली, तर बायको टेबलाशी बसलेली असूनही गैरहजर. समोर बसून गैरहजर असणं आमच्या संसारात नवीन नाही, पण तो मान आजवर माझ्याकडे होता.

ती विम्याचे दावे तपासते. कुणाच्या गाडीवर खरंच झाड पडलं आणि कुणी स्वतःच हातोडा मारला, हे तिला फोटोवरून कळतं, त्यामुळे घरात खोटं बोलायची मला सोय नाही. कंपनीच्या यंत्राची गंमत अशी की त्याला पोटच नाही. संध्याकाळी बंद केलं की ते सगळं विसरतं, आणि सकाळी अख्खा प्रोग्रॅम दूरच्या मुख्य कचेरीतून वायरीवरून तुकड्यातुकड्याने पुन्हा यावा लागतो. तिथे एकाच वेळी शेकडो माणसं ओढायला बसलेली, आमच्या वाट्याला थेंब थेंब. वरचेवर उशीर व्हायला लागल्यावर तिच्या साहेबीणबाईंनी शांतपणे सांगितलं की असंच चाललं तर घरून काम बंद, मुख्य कचेरीत येऊन बसावं लागेल. ती कचेरी दुसऱ्या शहरात. म्हणजे नोकरी गेल्यातच जमा. फोन ठेवून बायको नुसती पट्टीकडे बघत राहिली. त्या कामावर तिचा किती जीव आहे ते मला ठाऊक होतं, मला फार वाईट वाटलं.

"तू काळजी करू नकोस," मी म्हणालो. "आता मी बघतो."

"तुम्ही नका बघू," ती म्हणाली. खरी घाबरलेली ती मला तेव्हा पहिल्यांदा दिसली.

बातमी जिन्यात फुटायला वेळ लागला नाही. आमच्या समोरच्या घरात एक गृहस्थ राहतात, त्यांना सगळी इमारत सल्लागार म्हणते. त्यांनी सांगितलं, यंत्र खिडकीपाशी ठेवा, मोकळ्या हवेत तुकडे लवकर येतात. ठेवलं. एक कबुतर आलं. खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंच्या मते दोष फ्रिजचा होता, कारण त्यांच्या जावयाने फ्रिज हलवल्यापासून त्याला बढती मिळाली होती. आम्ही फ्रिज हलवला. पट्टी तशीच राहिली आणि फ्रिज तेवढा घरघर करायला लागला.

शेवटी मी वायरवाल्याला बोलावलं. आमच्या इमारतीला बाहेरून एकच वायर येते. ती जिन्याखालच्या लोखंडी पेटीत शिरते आणि तिथून घराघरात फुटते. वायरवाला पेटीत डोकं घालून, तोंडात स्क्रू धरून बोलतो. तो म्हणाला, "साहेब, बाहेरचा रस्ता अरुंद आहे, तो काही आपल्या हातात नाही. पण इमारतीच्या आतला रस्ता चांगला रुंद आहे. प्रोग्रॅमचे तुकडे रोज तेच असतात ना? मग ते शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरात ठेवायचे. वहिनींच्या यंत्राने तुकडा मागितला की पेटी आधी शेजाऱ्यांना विचारेल. असला तर तिथून, नसला तर बाहेरून."

"म्हणजे साखर संपली की शेजारी वाटी घेऊन जायचं, दुकानात नाही?"

"तसंच. एकेका तुकड्यावरून कुणाला काही कळतही नाही."

मला ही कल्पना इतकी आवडली की थोड्याच वेळात ती माझीच आहे असं मला वाटायला लागलं. प्रकल्पाचं नाव मी 'वाटी' ठेवलं आणि दारोदार हिंडायला निघालो. लोकांनी माझा जो पाणउतारा केला तो मी इथे विस्ताराने सांगणार नाही. शिवणकामवाल्या बाईंना भीती, की आमचे तुकडे त्यांच्याकडे आले तर त्यांचे फोटो आमच्याकडे येतील. सल्लागारांनी विचारलं, तुकडे परत कधी देणार. एकाने दार किलकिलं करून 'आम्हाला काही घ्यायचं नाही' असं सांगितलं आणि लावून घेतलं. मी काही विकत नव्हतो, देणारच होतो, पण हे त्या बंद दाराला समजावून सांगण्यात माझा बराच वेळ गेला.

मग अध्यक्ष. आमच्या इमारतीचे अध्यक्ष आयुष्यभर सरकारी खात्यात होते आणि तोंडी सांगितलेली गोष्ट त्यांना ऐकू येत नाही. त्यांनी अर्ज मागितला, अर्जाला जोडपत्र मागितलं, जोडपत्रात 'तुकडा' या शब्दाची व्याख्या मागितली. मग गाड्या लावायच्या जागेत सभा झाली. प्रत्येकाची सही आणायची तर पुढचं वर्ष उजाडेल, तोवर माझी बायको दुसऱ्या शहरात. यावर अध्यक्षांनी असा तोडगा काढला की तो ऐकून मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला. ठराव झाला: ज्या घरांनी मुदतीत लेखी हरकत घेतलेली नाही, त्यांची संमती आहे असं धरावं. आमच्याकडे लेखी काही करायचा कंटाळा सगळ्यांनाच. एकाचीही हरकत आली नाही. वायरवाल्याने पेटीत बसून इमारतीच्या वायरीवरच्या झाडून सगळ्या यंत्रांना तुकडे वाटून टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको टेबलाशी बसली. पट्टी नेहमीसारखी रेंगाळली. मग जणू कोणीतरी उठून आलं आणि हातातलं सगळं एकदम ओतलं, तशी ती सर्रकन पलीकडे गेली. प्रोग्रॅम उघडला. बायको हजर! तिने माझ्याकडे असं पाहिलं, की लग्नाच्या दिवशीसुद्धा तिने मला इतक्या आदराने पाहिलं नव्हतं.

त्यानंतर रोज तेच. आधी थोडं थांबायचं, आणि मग एका क्षणी सगळं धो धो यायचं. मी जिना जरा हळू उतरायला लागलो, म्हणजे कोणी अभिनंदन करायचं म्हटलं तर त्यांना वेळ मिळावा. कोणी केलं नाही. सल्लागारांनी मात्र चौकशी केली, "माझ्याकडून किती तुकडे जातात हो रोज?" आपल्याकडून काय जातं याची माणसाला फार काळजी असते. वायरवाल्याने माझ्या फोनवर एक चित्र दिलं होतं, त्यात प्रत्येक घराची एक रंगीत रेघ. ज्या घरून तुकडे येतील त्याची रेघ लांब. मी म्हणालो, उद्या बघून सांगतो.

दुसऱ्या सकाळी बघितलं. सल्लागारांची रेघ डासाएवढी. अध्यक्षांची नाहीच. शिवणकामवाल्या बाईंची थोडीशी. आणि एक तपकिरी रेघ चित्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. बायकोचा जवळजवळ सगळा प्रोग्रॅम एकाच घरातून येत होता. रेघेखाली लिहिलं होतं, 'नकाशे'.

मी फोन पालथा ठेवला. नंतर सुलटा केला. रेघ होती.

नकाशेकाका वरच्या मजल्यावर एकटे राहायचे. आयुष्यभर त्यांनी जमिनीचे नकाशे काढले, निवृत्त झाल्यावरही घरी मोठा कॉम्प्युटर आणून काढत होते. कुणी काही मागितलं की त्याच दिवशी द्यायचे, असा माणूस. मागच्या वर्षी ते गेले. आम्ही सगळे पोचवायला गेलो होतो. मुलगी परदेशातून आली, चार दिवस राहिली, घराला कुलूप लावून किल्ली अध्यक्षांकडे ठेवून परत गेली. तेव्हापासून ते दार कुणी उघडलेलं नव्हतं.

मी वायरवाल्याला गाठलं. तो म्हणाला, "ती वायर चालू आहे साहेब. पलीकडे यंत्रही चालू आहे."

"पण घर बंद आहे! माणूसच नाही!"

"मला काय माहीत? पेटीने विचारलं, त्यांनी दिलं." त्याने स्क्रू दुसऱ्या गालात घेतला. "ज्याला दुसरं काम नाही, तोच देतो. बाकीच्यांची यंत्रं सकाळी कामात असतात. आणि त्यांची हरकत कुठे आली होती?"

हे मात्र खरं होतं. ठरावाप्रमाणे नकाशेकाकांची पूर्ण संमती होती.

मी बायकोला काही सांगितलं नाही. तिला सांगायचं तरी काय, की तुझी नोकरी गेलेल्या माणसाच्या भरवशावर चालली आहे? पण सकाळी ती पट्टी थांबली की माझ्या अंगावर काटा यायला लागला. ते थांबणं मला कळायला लागलं होतं. वर कोणीतरी अजून उठलेलं नाही. मग पट्टी सुटायची, आणि मला वाटायचं, उठले. बायको हसून कामाला लागायची आणि मी छताकडे बघत चहा थंड करायचो.

असली गोष्ट पोटात राहत नाही. मी ती सल्लागारांना सांगितली, म्हणजे सगळ्या इमारतीला सांगितली. बाईंना लगेच आठवलं की गच्चीवर जाताना त्या दाराखाली त्यांनी उजेड बघितला होता. अध्यक्ष म्हणाले, प्रत्यक्ष पाहणी केल्याशिवाय काही बोलता येणार नाही. म्हणून एका सकाळी, बायको टेबलाशी बसल्यावर, अध्यक्ष, सल्लागार आणि मी असे तिघे वर गेलो. अध्यक्ष पुढे, कारण किल्ली त्यांच्याकडे. पण अर्ध्या जिन्यात त्यांच्या चपलेचा अंगठा सैल झाला, आणि ते तो नीट करेपर्यंत मी पुढे झालेलो होतो.

वरचा जिना स्वच्छ, उजेडाचा. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. बंद दाराला धूळ होती, कुलपालाही धूळ होती. दाराखालच्या फटीतून निळसर उजेड येत होता. मी कान लावला. आतून पंख्यासारखी बारीक घरघर येत होती. आणि मग एका बाईचा आवाज आला, अगदी घरातला, रोजचा.

"उठलात का?"

आम्ही तिघेही जागच्या जागी गार झालो.

"चष्मा टेबलावरच आहे तुमचा," आवाज म्हणाला. मग थोडा वेळ काही नाही, समोरचं माणूस उत्तर देतं आहे आणि आपण ऐकतो आहोत, तेवढा वेळ. "बरं. करा तुम्ही काम. मी बसते नुसती."

त्यानंतर आम्ही तिघे खाली कसे आलो ते मला सांगता येणार नाही. अध्यक्षांची सैल चप्पल वरच राहिली. सल्लागार माझ्याआधी खाली पोचले होते, आणि जिना इतका अरुंद आहे की ते माझ्या अंगावरूनच गेले असणार. जिन्याखालच्या पेटीपाशी तातडीची सभा भरली आणि नकाशेकाकांच्या घराची वायर उपटावी असं एकमताने ठरलं. हात लावायला मात्र कुणी पुढे होईना. अध्यक्ष म्हणाले, "प्रकल्प ज्यांचा आहे त्यांनीच." मी पहिल्यांदाच प्रकल्पाचा जनक म्हणून ओळखला गेलो. मला बायकोची नोकरी आठवली, खरंच आठवली. पण त्याहून जास्त तो आवाज आठवला. मी डोळे मिटून वायर ओढली.

दुसऱ्या सकाळी पट्टी अर्ध्यावर येऊन थांबली आणि तिथेच बसली. हजेरीची वेळ गेली. साहेबीणबाईंचा फोन आला. त्यांनी आवाज चढवला नाही. उद्या शेवटची संधी, उद्याही वेळेवर दिसला नाहीत तर परवापासून मुख्य कचेरी, एवढंच. बायको खुर्ची फिरवून माझ्याकडे बघायला लागली. दाव्याचा फोटो बघते तसं. मी हातोडा कबूल केला.

सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "म्हणजे भुताला घाबरून तुम्ही माझी नोकरी घालवलीत?"

"अगं, बाईचा आवाज होता! आतून!"

"भूत निदान वेळेवर येत होतं," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

दुपारी अध्यक्ष आमच्या दारात आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. हात लांब करून त्यांनी फोन धरला होता, जणू तो चावेल. तो त्यांनी मला दिला. मी कानाला लावला.

"हॅलो," आवाज म्हणाला. तोच आवाज. माझ्या हातातून फोन पडणारच होता, तो बायकोने वरच्यावर घेतला, सगळ्यांना ऐकू येईल असा केला आणि कोण बोलतंय ते विचारलं.

"काकू, मी बोलतेय. नकाश्यांची मुलगी," आवाज म्हणाला. "अध्यक्षकाका काही बोलतच नाहीयेत. आज सकाळपासून बाबांचं घर दिसत नाहीये. कुणी जरा वर जाऊन बघेल का?"

बायकोने माझ्याकडे आणि अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी खिशातून किल्ली काढून तिला दिली. मी खाली जाऊन पेटीतली वायर जागेवर लावली आणि धावत वर आलो, कारण तिला त्या घरात एकटीला जाऊ देणं मला शोभलं नसतं. एकट्याने मागे राहणंही मला जमलं नसतं.

आत धूळ होती आणि कोंडलेल्या हवेचा वास. खिडकीपाशी मोठं टेबल, त्यावर गुंडाळलेले नकाशे, कॉम्प्युटर, आणि पडद्याच्या डोक्यावर एक छोटा कॅमेरा. टेबलावर खरंच चष्मा होता. त्याच्या काड्या उघड्या होत्या, नुकताच काढून ठेवल्यासारख्या. आम्ही आलो आणि यंत्र आपोआप घुरघुरलं, पडदा निळा झाला. अध्यक्ष उंबऱ्याच्या बाहेरच थांबले, चप्पल शोधायच्या निमित्ताने.

"दिसलं," पडद्यातून आवाज आला. "काकू, तुम्ही दिसताय." ती रडत असावी.

हळूहळू तिने सांगितलं. बाबा होते तेव्हा ती रोज तिकडून हे यंत्र चालू करायची, म्हणजे सकाळी त्यांना जाग यायची, मग दोघं बोलायची. ते गेल्यावरही ही सवय तिला सोडता आली नाही. रोज चालू करते, खुर्ची बघते, चष्मा बघते, चार शब्द बोलते, बंद करते. "वेडेपणा आहे, माहितेय मला. कुणाला सांगितलंही नाही. पण गेल्या काही दिवसांत एक होत होतं." तिचा आवाज बारीक झाला. "यंत्राचा दिवा लुकलुकायला लागला. पंखा जोरात फिरायला लागला. बाबा नकाशा काढायला बसले की अगदी तस्सं व्हायचं. रोज सकाळी, मी चालू केल्याबरोबर. मला वाटलं... मी मग काही बोलायची नाही. ते काम करतायत, आपण बसावं. आज एकदम सगळं काळं झालं. काका, तुम्हाला यातलं कळतं ना? कशाने होत होतं ते?"

जिन्यात कुणी विचारलं नाही तरी 'वाटी'ची माहिती देणारा मी, मला अखेर कुणीतरी विचारलं होतं. पण हे श्रेय मला नको होतं. जुनी यंत्रं अशीच लुकलुकतात, असं काहीतरी मी पुटपुटलो.

"अहो, गप्प बसा," बायको म्हणाली. ती कॅमेऱ्यासमोर गेली. खुर्चीत बसली नाही, बाजूला उभी राहिली. "ती मी होते गं. माझ्या कामाचा प्रोग्रॅम सकाळी तुझ्या बाबांच्या यंत्रातून यायचा. आम्ही न विचारता घेत होतो. तुला विचारायला हवं होतं, चुकलं आमचं. मग हे लोक घाबरले आणि वायर काढली."

पडदा निळा राहिला. पंखा फिरत होता.

"म्हणजे ते काम तुमचं होतं," ती म्हणाली.

"हो."

"बाबा नव्हते."

बायको खोटं पकडते, बोलत नाही. ती म्हणाली, "माझं काम होतं, पण येत होतं त्यांच्याकडूनच. सगळ्या इमारतीत दुसरं कुणी देत नव्हतं. त्यांच्यामुळे माझी नोकरी टिकली. काल वायर काढली आणि आज मी गैरहजर लागले. उद्या लागले तर संपलंच."

पलीकडून एक आवाज आला. हसणं होतं की हुंदका, ते मला कळलं नाही. "तसेच होते ते," ती म्हणाली. "कुणी मागितलं की लगेच द्यायचे."

"हो गं," बायको म्हणाली. मी खिडकीबाहेर बघत होतो, कारण त्या घरात बघण्यासारखं दुसरं काही माझ्याच्याने बघवत नव्हतं. मागे अध्यक्ष चप्पल हातात घेऊन नाक ओढत होते.

"काकू," थोड्या वेळाने ती म्हणाली, अगदी कामाच्या आवाजात, "तुम्हाला किती वाजता हजर व्हावं लागतं?"

"नऊला."

"मग उद्यापासून बाबांना मी जरा लवकर उठवते."